डर्बी शर्यत
डर्बी शर्यत : इंग्लंडच्या सरी परगण्यातील एप्सम डाउन्स येथे दरवर्षी, सामान्यतः जूनच्या प्रारंभी, होणारी तीन वर्षे वयाच्या थरोब्रेड घोड्यांची सुप्रसिद्ध शर्यत. ती १७८० साली सुरू झाली. इंग्लंडमधील पाच अभिजात शर्यतींमध्ये तिचे स्थान अग्रगण्य मानले जाते. तिचे अंतर दीड मैलाहून किंचित अधिक (सु. २,४२० मी.) असून उत्तम घोडा ते अडीच मिनिटांच्या आसपास पार करतो. एवढ्या अल्पकाळाच्या स्पर्धेवर एका संपूर्ण अश्वजातीची पैदास दोन शतकांहून अधिक काळ बेतली गेली, हे या शर्यतीचे खरे वैशिष्ट्य होय. तिचा इतिहास केवळ विजेत्यांच्या यादीचा नाही. कोणता घोडा श्रेष्ठ व तो कसा ठरवावा, या प्रश्नाचा तो इतिहास आहे आणि त्यात फसवणूक, पैजा, राजकारण व लोकोत्सव हे सर्वच गुंतलेले आहे.

एप्सम हे लंडनच्या नैर्ऋत्येस सु. २४ किमी. वर आहे. सतराव्या शतकात तेथील खारट पाण्याच्या झऱ्यास औषधी म्हणून प्रसिद्धी लाभली. आजही औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या ‘एप्सम सॉल्ट’चे (मॅग्नेशियम सल्फेटचे) नाव त्यावरूनच पडले आहे. पाणी पिण्यासाठी येणाऱ्या धनिकांच्या करमणुकीस गावालगतच्या खडूच्या टेकड्यांवरील आखूड, लवचिक गवताची विस्तीर्ण भूमी सोयीची ठरली. तेथे १६६१ मध्ये शर्यती झाल्याची नोंद आढळते. ज्याच्या रक्ताचा अंश आजच्या बहुतेक सर्व थरोब्रेड घोड्यांत आहे, तो एक्लिप्स (१७६४–८९) हा घोडा आपली पहिली शर्यत १७६९ मध्ये येथेच धावला व पुढे कधीही पराभूत झाला नाही.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतची इंग्लंडमधील घोड्यांची शर्यत आजच्यापेक्षा निराळी होती. पाच-सहा वर्षांचे पूर्ण वाढलेले घोडे पाठीवर मोठे वजन घेऊन चार-चार मैलांच्या फेऱ्या एकाच दिवशी दोनदा-तीनदा धावत. यात घोड्याचा दमसास दिसे पण वेग क्वचितच कसाला लागे. शिवाय घोडा पाच वर्षांचा होईपर्यंत पोसण्याचा खर्च मालकास सोसावा लागे. शतकाच्या उत्तरार्धात तरुण घोड्यांना हलक्या वजनानिशी कमी अंतर धावविण्याची प्रथा वाढू लागली. डॉनकॅस्टर येथील सेंट लेजर (१७७६) ही तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत या नव्या विचारातूनच निघाली. डर्बीचा बारावा अर्ल एडवर्ड स्मिथ-स्टॅन्ली (१७५२–१८३४) याचे एप्समजवळ ‘द ओक्स’ नावाचे निवासस्थान होते. त्याने व त्याच्या मित्रमंडळींनी १७७९ मध्ये तीन वर्षांच्या घोड्यांपैकी केवळ माद्यांसाठी एक शर्यत योजली व तिला त्या घराचे नाव दिले. पहिली ओक्स अर्लच्याच ब्रिजेट या घोडीने जिंकली. या यशाच्या आनंदात नर व मादी दोहोंना खुली अशी आणखी एक शर्यत पुढील वर्षी घेण्याचे ठरले.

या दुसऱ्या शर्यतीस अर्लचे नाव द्यावे की त्याचा पाहुणा व जॉकी क्लबमधील वजनदार व्यक्ती सर चार्ल्‌स बन्बरी (१७४०–१८२१) याचे, यासाठी नाणे उडवले गेले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, शर्यतीला नाव अर्लचे लाभले आणि ४ मे १७८० रोजी झालेली पहिली शर्यत बन्बरीच्या डायमेड या घोड्याने जिंकली. तीत नऊ घोडे धावले आणि अंतर एक मैलच होते. ते १७८४ मध्ये दीड मैल करण्यात आले व तेव्हापासून टॅटनम कॉर्नर हे प्रसिद्ध वळण शर्यतीत आले. खुद्द अर्लने १७८७ मध्ये सर पीटर टीझल या घोड्यानिशी डर्बी जिंकली. त्याच्या वंशजांना मात्र पुढील विजयासाठी १९२४ पर्यंत थांबावे लागले.

पहिल्या विजेत्याची उत्तरकथा बोधप्रद आहे. डायमेडची इंग्लंडमध्ये पैदाशीचा घोडा म्हणून किंमत राहिली नाही. १७९८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो नाममात्र किंमतीस विकला जाऊन अमेरिकेतील व्हर्जिनियात गेला. तेथे त्याने सर आर्ची हा विख्यात घोडा निपजविला. एकोणिसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ अमेरिकन पैदासअश्व लेक्झिंग्टन हा त्याच वंशातील होय. ज्याला मायदेशाने म्हातारा व कुचकामी ठरविले, त्याच्यापासून एका खंडातील अश्वपैदास उभी राहिली. मैदानातील निकाल आणि वंशाचा निकाल एकच असतो असे नाही, याचे हे पहिलेच उदाहरण होते.

एप्समची धाव कठीण समजली जाते. ती घोड्याच्या नालेच्या आकाराची असून डावीकडे वळत जाते. आरंभापासून पहिला सु. अर्धा मैल घोड्यांना सु. ४० मी. चढाव चढावा लागतो. माथ्यावरून ते वेगाने उतरत टॅटनम कॉर्नरला वळतात व सरळ टप्प्यात येतात. हा टप्पा सपाट नाही. त्याचा उतार आतील कुंपणाकडे असल्यामुळे दमलेला घोडा त्या बाजूस कलंडू लागतो आणि अखेरच्या काही मीटरांत पुन्हा लहानसा चढ येतो. चढावर दमसास, उतारावर तोल व खांद्यांची लवचिकता, वळणावर चापल्य, सरळ टप्प्यात वेग आणि गर्दीच्या कोलाहलात शांत स्वभाव, असे हे सर्व गुण तीन वर्षांच्या कोवळ्या घोड्याकडून एकाच वेळी अपेक्षिले जातात. आखून तयार केलेल्या सपाट मैदानावर अशी परीक्षा घेता येत नाही. इटलीतील नामवंत अश्वपैदासकार फेदेरीको तेझ्यो (१८६९–१९५४) याच्या मते थरोब्रेड जात तज्ञांच्या मतांवर नव्हे, तर एप्सममधील अंतिम खांबावर उभी आहे. या परीक्षेत धोकाही आहे. १९६२ मध्ये उतारावर सात घोडे एकमेकांत गुंतून कोसळले होते.

नरांच्या पाठीवर सु. ५८ किग्रॅ. वजन असते. माद्यांना ३ पौंड (सु. १.४ किग्रॅ.) सवलत मिळते. खच्ची केलेल्या घोड्यांना प्रवेश नाही. यामागील हेतू उघड आहे : ज्याच्यापासून वंश पुढे जाणार नाही, त्याची परीक्षा घेण्यात पैदासकारास स्वारस्य नसते. माद्या मात्र क्वचितच जिंकल्या आहेत. एलिनॉर (१८०१), ब्लिंक बॉनी (१८५७), शॉटओव्हर (१८८२), सिन्योरिनेटा (१९०८), टॅगली (१९१२) व फिफिनेला (१९१६) या सहाच घोड्या विजेत्या ठरल्या. टू थाउजंड गिनीज, डर्बी व सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकणाऱ्या घोड्यास ‘ट्रिपल क्राउन’ विजेता म्हणतात. हा मान सर्वप्रथम वेस्ट ऑस्ट्रेलियनने (१८५३) मिळविला. फ्रान्समध्ये निपजलेल्या ग्लादियातरने १८६५ मध्ये तो पटकाविला, तेव्हा फ्रेंचांनी त्यास वॉटर्लूचा सूड उगविणारा म्हणून गौरविले. निजिन्स्की (१९७०) याच्यानंतर हा मान कोणत्याही घोड्यास लाभलेला नाही.

शर्यत तीन वर्षांच्या घोड्यांची असल्याने घोड्याचे वय हाच तिचा पाया होता आणि फसवणुकीचा पहिला घाला त्यावरच पडला. १८४४ च्या डर्बीत रनिंग रेन हा घोडा पहिला आला. परंतु तो वस्तुतः मॅकबीअस नावाचा चार वर्षांचा घोडा असल्याचा संशय होता. या वयात एका वर्षाचा फरक निर्णायक असतो, कारण चार वर्षांचा घोडा हाडापेराने तिघांपेक्षा कितीतरी भरलेला असतो. लॉर्ड जॉर्ज बेंटिंक (१८०२–४८) याने चिकाटीने पुरावा गोळा केला. दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडो या घोड्याचा मालक कर्नल पील (पंतप्रधान सर रॉबर्ट पील यांचा बंधू) याच्याविरुद्ध बक्षिसाच्या रकमेसाठी दावा दाखल झाला. न्यायमूर्ती ऑल्डरसन यांनी तो घोडा न्यायालयापुढे आणण्याची आज्ञा केली. दातांवरून वय सहज उघडकीस आले असते. घोडा हजर झाला नाही, दावा कोसळला व विजय ऑर्लँडोस मिळाला. त्याच शर्यतीत पाय मोडल्याने मारावा लागलेला लिअँडर हा घोडाही चार वर्षांचा असल्याचे मागाहून दिसून आले. या प्रकरणानंतर जॉकी क्लबचा अधिकार व शिस्त यांना बळकटी आली. बेंटिंकचे दैव मात्र विचित्र ठरले. राजकारणाला वाहून घेण्यासाठी त्याने १८४६ मध्ये आपले सर्व घोडे विकले. त्यांतीलच सर्प्लिस हे शिंगरू मोठे होऊन १८४८ ची डर्बी जिंकले. आयुष्यभर ज्या विजयाचा ध्यास घेतला तो दुसऱ्याच्या नावावर गेलेला पाहून सु. चार महिन्यांतच तो मरण पावला.

पैजांनी केलेल्या नाशाचे सर्वांत गाजलेले उदाहरण १८६७ चे आहे. हेन्री चॅप्लिन याची वाग्दत्त वधू लेडी फ्लॉरेन्स पॅजेट हिने १८६४ मध्ये ऐनवेळी मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज याच्याशी विवाह केला. पुढे चॅप्लिनचा हर्मिट हा घोडा डर्बीत उतरला, तेव्हा हेस्टिंग्जने त्याच्याविरुद्ध प्रचंड पैजा लावल्या. शर्यतीपूर्वी थोडे दिवस हर्मिटची रक्तवाहिनी फुटली होती, त्यामुळे त्याच्या यशाची आशा कोणास नव्हती. हिमवृष्टीच्या विचित्र हवेत, वारंवार सुरुवात चुकल्यानंतर, हर्मिट जिंकला आणि हेस्टिंग्जचे सु. १,२०,००० पौंड बुडाले. पुढील वर्षी तो सव्वीस वर्षांचा असताना निधन पावला. चॅप्लिन पुढे मंत्रिपदापर्यंत चढला.

डर्बीचा दिवस हा एकोणिसाव्या शतकात लंडनचा अघोषित सुटीचा दिवस बनला. या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश संसदेचे कामकाज त्या दिवशी तहकूब करण्याची प्रथा अनेक वर्षे चालली. उमरावांनी आपसांतील करमणुकीसाठी आरंभिलेली शर्यत सामान्यांची झाली, याचे कारण त्या जागेतच होते. डाउन्स ही उघडी भूमी असल्याने मार्गाच्या मधल्या टेकडीवर कोणीही जाऊन उभे राहू शकत असे. रेल्वे आल्यावर कारकून, मजूर, फेरीवाले, जिप्सी भविष्यवेत्त्या, डोंबारी, पाकीटमार, धर्मोपदेशक यांची तेथे जत्रा भरू लागली. (डाउन्सवरील लोकांच्या वहिवाटीला १९३६ व १९८४ च्या कायद्यांनी मान्यता दिली आहे.) विसाव्या शतकातील जत्रेत शिरावर पिसांचा टोप घालून ‘टिपा’ विकणारा प्रिन्स मोनोलुलू हा घोड्यांइतकाच प्रसिद्ध होता.

या जत्रेचे उत्तम चित्रण डब्ल्यू. पी. फ्रिथ याच्या द डर्बी डे (१८५६–५८) या भव्य चित्रात आहे. त्यात घोडे जवळजवळ नाहीतच. सर्व कॅनव्हास माणसांनी भरला आहे. रॉयल अकॅडमीत १८५८ मध्ये ते मांडले असता प्रेक्षकांच्या गर्दीपासून रक्षण करण्यासाठी त्यापुढे कठडा बसवावा लागला. याउलट फ्रेंच चित्रकार झेरिको याने १८२१ ची डर्बी रंगविताना केवळ घोडे घेतले. चारही पाय पुढे-मागे फाकून जणू जमिनीवर तरंगणारे हे घोडे पाहणाऱ्यास वेगाचा प्रत्यय देतात. तथापि घोडा असा कधीच धावत नाही, हे मायब्रिजच्या छायाचित्रांनी १८७८ मध्ये सिद्ध केले. चलच्चित्राच्या आरंभकाळीच डर्बीचे चित्रण झाले. प्रिन्स ऑफ वेल्सच्या पर्सिमन या घोड्याचा १८९६ चा विजय रॉबर्ट पॉलने चित्रित करून दुसऱ्याच दिवशी लंडनच्या नाट्यगृहात दाखविला. हाच राजपुत्र सातवा एडवर्ड म्हणून गादीवर असताना मिनोरू या घोड्याने १९०९ ची डर्बी जिंकली.

कॅमेऱ्यांची ही उपस्थिती ४ जून १९१३ रोजी निराळ्याच घटनेची साक्षीदार ठरली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी एमिली वाइल्डिंग डेव्हिसन ही टॅटनम कॉर्नरपाशी कुंपणाखालून मार्गावर आली आणि राजा पाचवा जॉर्ज याच्या ॲनमर या घोड्याच्या धडकेने कोसळली. चार दिवसांनी तिचे निधन झाले. हर्बर्ट जोन्स हा घोडेस्वार जखमी झाला. तिला प्राणार्पण करावयाचे होते की घोड्यास चळवळीच्या रंगांची पट्टी बांधावयाची होती, याविषयी अद्याप वाद आहे. तिच्याजवळ परतीचे रेल्वे तिकीट सापडले होते. तिच्या अंत्ययात्रेस लंडनमध्ये अफाट गर्दी लोटली. मात्र त्या सायंकाळी मैदानावर अधिक चर्चा झाली ती दुसऱ्याच गोष्टीची : पहिला आलेला क्रेगनूर धसमुसळेपणाबद्दल अपात्र ठरून एकास शंभर या भावाचा अबॉयर विजयी घोषित झाला होता. एका स्त्रीच्या प्राणांपेक्षा पैजेचा निकाल लोकांना जवळचा वाटला, हे त्या काळाचे चित्र म्हणून नोंदवण्यासारखे आहे. तीस वर्षांवरील काही स्त्रियांना मताधिकार १९१८ मध्ये मिळाला.

दोन्ही महायुद्धांच्या काळात (१९१५–१८ व १९४०–४५) डर्बी न्यूमार्केट येथे घेण्यात आली. घोडेस्वारांमध्ये लेस्टर पिगट याचे नऊ विजय (१९५४ ते १९८३) हा उच्चांक आहे. त्यातील पहिला त्याने अठराव्या वर्षी मिळविला. लोकांच्या मनात मात्र गॉर्डन रिचर्ड्‌सचा विजय अधिक ठसला. सव्वीस वेळा अव्वल घोडेस्वार ठरलेल्या रिचर्ड्‌सला डर्बीने सतत हुलकावणी दिली होती. राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या राज्याभिषेकानंतर चारच दिवसांनी, ६ जून १९५३ रोजी, अठ्ठाविसाव्या प्रयत्नात तो पिन्झा या घोड्यावर जिंकला. दुसरा आलेला ऑरिओल हा खुद्द राणीचाच घोडा होता. राणीला पुढे सत्तर वर्षांच्या कारकीर्दीतही ही शर्यत जिंकता आली नाही.

भारताचा डर्बीशी संबंध दोन प्रकारचा आहे. कलकत्त्यातील टर्फ क्लबची एप्सम डर्बीवरील सोडत ‘कलकत्ता स्वीप’ या नावाने जगभर प्रसिद्ध होती. घोड्यांच्या मालकीबाबत पहिले नाव आगाखान तिसरे (१८७७–१९५७) यांचे. त्यांच्या घराण्याला शर्यतीच्या घोड्यांचा छंद मुंबई व पुण्यात पूर्वीपासून होता. ब्लेनहाइम (१९३०), बहराम (१९३५), महमूद (१९३६), माय लव्ह (१९४८, भागीदारीत) व तुल्यार (१९५२) असे त्यांचे पाच विजय नोंदले आहेत. बहराम अपराजित व ट्रिपल क्राउन विजेता होता. महमूदने २ मिनिटे ३३.८ सेकंदांचा विक्रम केला. तो १९९५ पर्यंत टिकला. नर्मदाकाठच्या राजपीपळा संस्थानचे महाराज विजयसिंहजी यांच्या विंडसर लॅड या घोड्याने १९३४ ची डर्बी जिंकली. ती जिंकणारे ते एकमेव भारतीय संस्थानिक. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ मध्ये डर्बी विजेत्या डान्टेचा सख्खा भाऊ २८,००० गिनी या विक्रमी किंमतीस घेऊन त्याला आपल्या आजोबांचे ‘सयाजीराव’ हे नाव दिले. सयाजीराव १९४७ मध्ये सेंट लेजर जिंकला, पण डर्बीत तिसरा आला. पुढील वर्षी त्यांच्याच माय बाबूने टू थाउजंड गिनीज जिंकली. डर्बी मात्र त्यांना लाभली नाही.

डर्बी हे नाव पुढे जातिवाचक झाले. फ्रान्समधील प्री द्यू जॉकी-क्लब (१८३६), आयरिश डर्बी (१८६६), जर्मन डर्बी (१८६९), अमेरिकेतील केंटकी डर्बी (१८७५) व जपानी डर्बी (१९३२) या तिच्याच धर्तीवर निघाल्या. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील इंडियन डर्बी १९४३ मध्ये सुरू झाली. तिची पहिली विजेती प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी प्रतापसिंहराव गायकवाडांचीच होती. २,४०० मी. अंतराची ही शर्यत बहुधा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होते व ती चार वर्षांच्या घोड्यांची असते. शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीस एका वर्षाने वाढलेले धरतात. म्हणून मुंबईत धावणारा घोडा कागदोपत्री एप्समच्या घोड्याहून वर्षाने मोठा दिसला, तरी प्रत्यक्षात तो सात-आठ महिन्यांनीच मोठा असतो.

एप्समची शर्यत १९८४ पासून प्रायोजकांच्या नावांनी होऊ लागली. परंपरेने बुधवारी असणारी ही शर्यत कामाच्या दिवशी प्रेक्षक घटू लागल्याने १९९५ पासून शनिवारी घेतली जाते. जिंकण्याचे सर्वाधिक अंतर शेरगर (१९८१) याच्या नावावर आहे. तो दहा लांबींनी जिंकला होता. फेब्रुवारी १९८३ मध्ये आयर्लंडमधील पैदासकेंद्रातून त्याचे अपहरण झाले व त्याचा मागमूस कधीच लागला नाही. अपहरणकर्त्यांनी त्याच्या धावण्यासाठी नव्हे, तर त्याच्या वंशाच्या बाजारभावासाठी हे कृत्य केले, यावरून डर्बीच्या विजयाला आलेले मोल स्पष्ट होते. २००१ चा विजेता गॅलिलिओ याने त्या मोलाची पूर्तता केली. त्याच्या अपत्यांपैकी पाच घोडे डर्बी जिंकले, असा दुसरा पैदासअश्व नाही. त्याचा प्रशिक्षक एडन ओब्रायन याच्या तालमीतील घोड्यांनी २०२५ मधील लॅम्बर्नपर्यंत अकरा वेळा ही शर्यत जिंकली आहे.

तथापि पैदासकारांचा कल अलीकडे कमी अंतराच्या व लवकर तयार होणाऱ्या घोड्यांकडे झुकला आहे. फ्रान्सने आपल्या डर्बीचे अंतर २००५ मध्ये २,१०० मी. केले. एप्समने दीड मैल सोडलेला नाही. त्यामुळे दमसास असलेल्या काही विजेत्यांना पैदासकेंद्रात पूर्वीसारखी मागणी येत नाही. कोविड-१९ च्या साथीमुळे ४ जुलै २०२० रोजी प्रेक्षकांविना झालेल्या डर्बीचा विजेता सर्पेन्टाइन हा पुढे खच्ची करून ऑस्ट्रेलियात पाठविण्यात आला आणि २०२२ मध्ये तो मेलबर्न कपमध्ये धावला. खच्ची घोड्यांस प्रवेश नाकारणाऱ्या शर्यतीचा विजेता अशा रीतीने खच्ची होऊन दुसऱ्या खंडात धावला. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी डायमेड विकला गेला, तो निदान नव्या वंशाचा मूळपुरुष होण्यासाठी.